वक्र आणि निमुळत्या आकाराची संगणकीय घडण : अक्ष, छेद व चौकट

बैलाचे शिंग, हत्तीचा सुळा, महाराष्ट्रातील तुतारी आणि फ्रान्सिस टर्बाइनभोवतीचे सर्पिल वेष्टन या वस्तू एकमेकींपासून कितीही दूरच्या असल्या, तरी त्यांच्या आकारात एक साम्य आहे. प्रत्येकीचा मध्य एका वळणदार रेषेवरून जातो आणि त्या रेषेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना तिचा आडवा छेद क्रमाने लहान होत जातो. असा आकार हाताने घडविणे कारागिरांना शतकानुशतके साधलेले आहे. संगणकसाहाय्यित आरेखनात, म्हणजे रूढ भाषेत कॅडमध्ये, तो उभा करणेही वरवर पाहता सोपे वाटते : एक रेषा काढावी, दोन टोकांना दोन वर्तुळे ठेवावीत आणि सॉफ्टवेअरला आज्ञा द्यावी. क्षणार्धात पडद्यावर शिंग दिसू लागते.

तथापि पडद्यावर दिसणारे शिंग हेच आरेखकाला अभिप्रेत असलेले शिंग होय, असे मात्र नाही. मधली रेषा आणि दोन टोकांचे छेद एवढ्या सामग्रीने वक्र व निमुळता आकार निश्चित होत नाही. त्यासाठी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : पहिली अक्षवक्र, म्हणजे मधली रेषा, दुसरी निमुळतेपणाचा नियम, म्हणजे त्या रेषेच्या प्रत्येक बिंदूवर छेद केवढा असावा याचे विधान, आणि तिसरी सरकती चौकट, म्हणजे तो छेद त्या बिंदूवर कोणत्या दिशेस तोंड करून आणि स्वतःभोवती किती फिरून बसावा याचा निर्णय. आरेखक बहुधा पहिली गोष्ट देतो, दुसरी अर्धवट सांगतो आणि तिसरीचा विचारही करीत नाही. उरलेले निर्णय सॉफ्टवेअर आपल्या ठराविक पद्धतीने, न विचारता घेते. हे निर्णय कोणते आणि त्यांचा आकारावर काय परिणाम होतो, याचे विवेचन पुढे केले आहे.

१. परंपरा

या प्रकारच्या रचनेस कॅडमध्ये ‘लॉफ्ट’ असे नाव आहे. ते जहाजबांधणीतून आले. जहाजाच्या सांगाड्याच्या रेषा पूर्ण मापाने काढण्यासाठी गोदीच्या इमारतीतील वरच्या मजल्याची विस्तीर्ण जमीन वापरीत, आणि त्या माळ्यास इंग्रजीत लॉफ्ट म्हणत. ठराविक अंतरावरचे छेद आखून झाले की लवचीक लाकडी पट्टी त्यांच्या बिंदूंवरून वाकवीत आणि शिशाच्या वजनांनी ती जागेवर धरीत. पट्टी आपल्या लवचीकपणाने जी रेषा घेईल तीच गुळगुळीत रेषा मानली जाई. या पट्टीचे नाव ‘स्प्लाइन’. हा शब्द पुढे १९४६ मध्ये शोनबर्ग याने गणितात आणला.

विमाननिर्मितीत या पट्टीची जागा गणिताने घेतली. नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनमधील रॉय लायमिंग याने शांकव वक्रांच्या साहाय्याने विमानांच्या बाह्य रेषा आकड्यांत बसविण्याची पद्धत वापरली आणि १९४४ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. फ्रान्समध्ये मोटारींच्या बाह्यांगासाठी पॉल द कास्तेल्जो याने सिट्रॉएन कंपनीत १९५९ मध्ये आणि पिएर बेझिए याने रेनॉ कंपनीत त्यानंतर लवकरच, एकमेकांच्या कामाशी संबंध नसताना, नियंत्रक बिंदूंनी वळविता येणाऱ्या वक्रांची पद्धत सिद्ध केली. बोइंग कंपनीतील फर्ग्युसन याचा निबंध १९६४ मधला, तर चार सीमावक्रांमध्ये पृष्ठ ताणून बसविण्याची कून्झ याची पद्धत १९६७ मधली. १९७२ मध्ये कॉक्स आणि द बोर यांनी बी-स्प्लाइनच्या गणनेची स्थिर रीत दिली. १९७५ मध्ये व्हर्स्प्रिल याने आपल्या प्रबंधात परिमेय बी-स्प्लाइनचा विचार केला, आणि त्यातूनच ‘नर्ब्ज’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी आजची पद्धत रूढ झाली.

या इतिहासातून एक गोष्ट लक्षात येते. माळ्यावरच्या कारागिराला छेद कोठे आणि कसा उभा करावयाचा हे स्वतःच्या हाताने ठरवावे लागे, कारण त्याखेरीज पट्टी बसतच नसे. संगणकाने श्रम वाचविले, पण त्याबरोबर तो निर्णयही दृष्टीआड केला.

२. एक ठोस उदाहरण

विवेचनास आधार म्हणून एक शिंगवाद्य घेऊ. महाराष्ट्रातील तुतारी अर्धचंद्राप्रमाणे वळलेली असते. हिमालयाच्या परिसरातील रणसिंगा हे वाद्य धातूच्या दोन वक्र भागांचे असते, आणि ते भाग कसे जोडावेत त्यानुसार त्याचा आकार अर्धचंद्राकृती किंवा नागमोडी होतो. हा जोडणीतला फरक प्रस्तुत विषयाचे मर्म दाखविण्यास फार सोयीचा आहे.

समजा, अशा एका शिंगाचा अक्ष २०० मिलिमीटर त्रिज्येच्या दोन पाव वर्तुळांनी बनलेला आहे. प्रत्येक पाव वर्तुळाची लांबी सुमारे ३१४ मिमी, म्हणून अक्षाची एकूण लांबी सुमारे ६२८ मिमी. अरुंद टोकाला छेदाची त्रिज्या ५ मिमी आणि रुंद टोकाला ४० मिमी. त्रिज्या अक्षाच्या लांबीबरोबर एकसारख्या दराने वाढते असे धरल्यास तो दर दर मिलिमीटरला सुमारे ०.०५६ मिमी येतो. दोन्ही पाव वर्तुळे एकाच बाजूस वळली तर आकार अर्धचंद्राचा, आणि दुसरे विरुद्ध बाजूस वळले तर नागमोडी. अक्षाची लांबी, छेदांची मापे व निमुळतेपणाचा नियम दोन्हींत एकच आहे.

३. अक्ष आणि प्राचल

वर्तुळाचा कंस साध्या बहुपदी वक्राने तंतोतंत काढता येत नाही. परिमेय वक्राने येतो. पाव वर्तुळासाठी तीन नियंत्रक बिंदू पुरतात. त्यांपैकी मधल्या बिंदूस सुमारे ०.७०७ इतका भार आणि दोन्ही टोकांच्या बिंदूंस १ भार द्यावा लागतो. येथपर्यंत अचूकतेस बाध येत नाही.

अडचण येते ती वक्रावरील स्थान मोजण्यात. संगणक वक्रावरील बिंदू लांबीने ओळखत नाही, तर ० पासून १ पर्यंत जाणाऱ्या एका प्राचलाने ओळखतो. प्राचल पाव झाला म्हणजे पाव लांबी पार झाली असे होत नाही. वरील पाव वर्तुळात प्राचल ०.२५ असताना बिंदू २२.५ अंशांवर नसून सुमारे २१.६ अंशांवर असतो. २०० मिमी त्रिज्येवर हे अंतर सुमारे ३ मिमी भरते. सॉफ्टवेअर त्रिज्या प्राचलाच्या प्रमाणात बदलीत असेल, तर त्या ठिकाणी छेदाची त्रिज्या अपेक्षेपेक्षा सुमारे ०.१८ मिमीने वेगळी येते. वाद्याच्या बाबतीत हा फरक क्षुल्लक मानता येईल, परंतु जेथे ०.०१ मिमीचा टॉलरन्स लिहिलेला आहे तेथे तो अठरापट होतो. शिवाय पाव वर्तुळ हा सममित आणि सौम्य वक्र आहे. असमान अंतरावरील नियंत्रक बिंदूंनी काढलेल्या मुक्त वक्रात प्राचल आणि लांबी यांतील तफावत याहून पुष्कळ मोठी असू शकते. यास्तव निमुळतेपणाचा नियम लांबीवर बसविला आहे की प्राचलावर, हे प्रथम पाहिले पाहिजे.

४. निमुळतेपणाचा नियम

‘एकसारखा निमुळता’ या शब्दांचा अर्थ एकच नाही. त्रिज्या एकसारख्या दराने कमी होणे हा एक अर्थ. छेदाचे क्षेत्रफळ एकसारख्या दराने कमी होणे हा दुसरा. उदाहरणातील शिंगाच्या मध्यावर पहिल्या नियमाने त्रिज्या २२.५ मिमी येते, तर दुसऱ्या नियमाने सुमारे २८.५ मिमी. क्षेत्रफळांचे प्रमाण काढले असता दुसरा छेद पहिल्याच्या सुमारे १.६ पट भरतो.

हा भेद कोठे महत्त्वाचा ठरतो हे टर्बाइनच्या सर्पिल वेष्टनावरून स्पष्ट होते. फ्रान्सिस टर्बाइनमध्ये पाणी वेष्टनातून फिरत असता परिघाच्या प्रत्येक भागातून थोडेथोडे आत चक्राकडे जाते. सगळीकडून सारखेच पाणी आत जावे हा वेष्टनाचा हेतू. म्हणून पुढे जाणाऱ्या पाण्याचे परिमाण उरलेल्या कोनाच्या प्रमाणात घटते, आणि सरासरी वेग कायम ठेवावयाचा असेल तर छेदाचे क्षेत्रफळही त्याच प्रमाणात घटले पाहिजे. म्हणजे त्रिज्या कोनाच्या वर्गमूळाप्रमाणे बदलते, कोनाप्रमाणे नव्हे. अशा वेष्टनात कोणी दोन टोकांचे छेद देऊन मधला भाग सॉफ्टवेअरवर सोपविला आणि सॉफ्टवेअरने त्रिज्या सरळ रेषेत घटविली, तर वरच्याच आकड्यांच्या नळीत मध्यावर पाण्याचा सरासरी वेग योजनेच्या १.६ पट होईल. आकार पाहणाऱ्यास चूक दिसणार नाही. यंत्राला मात्र ती जाणवेल. वर्गमूळाच्या नियमाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, छेद शून्याजवळ येतो तेथे त्रिज्या फार वेगाने बदलते. म्हणून अरुंद टोकाजवळ मधले छेद दाट ठेवावे लागतात. सारख्या अंतरावर मोजकेच छेद ठेवल्यास त्यांच्यामधून जाणारे पृष्ठ फुगते किंवा खचते.

निमुळतेपणाच्या अर्थात आणखी एक द्वैत आहे. शिंग दोन प्रकारे कल्पिता येते. अक्षाला काटकोनात धरलेली चकती पुढे सरकत व लहान होत जाते आणि तिची कड पृष्ठ निर्माण करते, ही एक कल्पना. अक्षावरून एक गोल सरकतो, लहान होतो आणि त्या सर्व गोलांना वेढणारे पृष्ठ म्हणजे शिंग, ही दुसरी. फ्रेंच गणिती गास्पार माँज याने अशा आवरक पृष्ठांचा अभ्यास केला होता. त्रिज्या कायम असेल तर दोन्ही कल्पनांतून एकच नळी निघते. त्रिज्या बदलती असेल तर निघत नाही. कारण गोल व आवरक पृष्ठ एकमेकांना ज्या वर्तुळावर स्पर्श करतात ते वर्तुळ गोलाच्या मध्यातून जात नाही. ते अरुंद टोकाकडे सरकलेले असते, आणि हे सरकणे त्रिज्या व तिच्या वाढीचा दर यांच्या गुणाकाराइतके असते. उदाहरणात रुंद टोकाशी ते सुमारे २.२ मिमी येते. त्रिज्येच्या वाढीचा दर १ च्या जवळ गेला, म्हणजे भिंत अक्षाशी ४५ अंशांइतकी फाकू लागली, की गोलांचे आवरक पृष्ठ अस्तित्वातच राहत नाही. प्रत्येक मोठा गोल मागच्या लहान गोलास पूर्णपणे गिळतो. म्हणून तुतारीच्या फाकलेल्या तोंडासाठी ही दुसरी कल्पना निरुपयोगी ठरते, आणि सरकत्या चकतीचीच कास धरावी लागते.

५. सरकती चौकट

चकती अक्षाला काटकोनात धरली तरी ती स्वतःभोवती किती फिरलेली आहे हा प्रश्न शिल्लक राहतो. अक्षाच्या प्रत्येक बिंदूवर परस्परांना लंब अशा तीन दिशा ठरविल्या की चकतीस बसण्याची जागा नेमकी होते. या तीन दिशांच्या संचासच सरकती चौकट म्हणावयाचे. तिची एक दिशा स्पर्शिकेची. उरलेल्या दोन निवडण्याची सर्वांत प्रसिद्ध रीत फ्रेने व सेरे या फ्रेंच गणितज्ञांच्या नावाने ओळखली जाते. फ्रेनेने ती १८४७ मधील प्रबंधात मांडली आणि सेरेने १८५१ मध्ये. या रीतीत दुसरी दिशा वक्र ज्या बाजूस वळतो त्या बाजूची, म्हणजे वळणाच्या केंद्राकडे रोखलेली, आणि तिसरी या दोहोंना लंब.

अर्धचंद्राकृती शिंगात ही चौकट निर्दोष चालते. दोन्ही पाव वर्तुळांचे केंद्र एकच असल्याने दुसरी दिशा सतत त्याच केंद्राकडे राहते. नागमोडी शिंगात मात्र जोडावर केंद्र अकस्मात विरुद्ध बाजूस जाते, आणि त्याबरोबर चौकट एका क्षणात १८० अंशांनी उलटते. छेद वर्तुळाकार असेल तर उलटलेले वर्तुळही वर्तुळच दिसते, म्हणून दोष लपून राहतो. छेद अंडाकृती असेल, तर त्याची निमुळती बाजू जोडाच्या एका अंगास वर आणि दुसऱ्या अंगास खाली, अशी विसंगती उभी राहते. अक्षात सरळ तुकडा असेल तर अडचण याहून मूलभूत आहे, कारण सरळ रेषा कोणत्याच बाजूस वळत नसल्याने तेथे फ्रेने-सेरे चौकट ठरतच नाही.

वर्तुळाकार छेदातही दोष लपतो तो केवळ छेदांपुरता. लॉफ्टमध्ये सॉफ्टवेअर एका छेदावरील बिंदू पुढच्या छेदावरील समान क्रमांकाच्या बिंदूशी जोडते. दोन छेदांमध्ये चौकट १८० अंशांनी उलटली असेल, तर प्रत्येक बिंदू समोरच्या वर्तुळावरील बरोबर विरुद्ध बिंदूशी जोडला जातो. अशा सर्व रेषा मध्ये एकत्र येतात आणि नळीला डमरूची कंबर येते. फिरण्याचा कोन कमी असेल तर कंबर कमी आवळली जाते. सारख्या त्रिज्येच्या समोरासमोरच्या दोन वर्तुळांना सरळ रेषांनी जोडले असता मध्यावरची त्रिज्या मूळ त्रिज्येला फिरण्याच्या अर्ध्या कोनाच्या कोज्येने गुणून मिळते. ९० अंश फिरल्यास मध्यावरचे क्षेत्रफळ निम्मे होते. केवळ ३० अंश फिरल्यासही ते सुमारे ६.७ टक्क्यांनी घटते. दोन वर्तुळांचे आरंभबिंदू एका रेषेत आहेत की नाहीत हे न पाहता लॉफ्ट केल्यास ही घट डोळ्यांना सहसा दिसत नाही. नळी किंचित पिळलेली आणि मध्ये बारीक झालेली असते, एवढेच.

यावर उपाय म्हणजे अशी चौकट घेणे की जी अक्षावरून पुढे जाताना स्पर्शिकेभोवती अजिबात फिरत नाही. स्पर्शिका जेवढी कलते तेवढीच कलते. रिचर्ड बिशप याने १९७५ मध्ये एका छोट्या निबंधात दाखवून दिले की वक्राला चौकट बसविण्याची फ्रेने-सेरे ही एकमेव रीत नव्हे, आणि अशी न पिळणारी चौकट वळणाची बाजू बदलते तेथेही अखंड राहते. नागमोडी शिंगाचा अक्ष एका पातळीत असल्याने तेथे ही चौकट समजण्यास अगदी सोपी आहे : तिसरी दिशा त्या पातळीस लंब अशी एकदा ठरवावी व ती तशीच राहू द्यावी. वळण डावीकडचे असो वा उजवीकडचे, छेदाची वरची बाजू वरच राहते. अवकाशात मुक्तपणे वळणाऱ्या अक्षासाठी ही चौकट टप्प्याटप्प्याने काढावी लागते. वांग, युट्लर, झेंग व लिऊ यांनी २००८ मध्ये त्यासाठी दिलेल्या रीतीत प्रत्येक टप्प्यावर दोन परावर्तने करून पुढची चौकट मिळते. गणना थोडी आणि अचूकता चांगली, हे या रीतीचे वैशिष्ट्य.

या चौकटीलाही मर्यादा आहे. अक्ष बंद असेल, म्हणजे फिरून आरंभबिंदूस येत असेल आणि एका पातळीत नसेल, तर न पिळणारी चौकट परत येताना मूळ स्थितीशी जुळेलच असे नाही. उरलेला कोन संपूर्ण लांबीवर थोडाथोडा वाटून द्यावा लागतो. तो कसा वाटावा हाही आरेखकाचाच निर्णय.

६. वळण, जाडी आणि जोड

आकार स्वतःत शिरू नये ही पुढची अट. कोणत्याही बिंदूवर वळणाच्या दिशेने छेदाची त्रिज्या ही अक्षाच्या वळणाच्या त्रिज्येपेक्षा लहान असली पाहिजे. उदाहरणात ४० मिमी विरुद्ध २०० मिमी, म्हणजे प्रमाण ०.२, धोका नाही. परंतु रुंद टोकाजवळ अक्ष ३५ मिमी त्रिज्येने वळविला, तर आतल्या बाजूस लगतचे छेद एकमेकांना छेदतात आणि पृष्ठाला घडी पडते. सॉफ्टवेअर अशा वेळी बहुधा आज्ञाच नाकारते, आणि नाकारण्याचे कारण नेहमी स्पष्ट सांगतेच असे नाही. ही साधी तुलना आधी करून पाहिल्यास पुष्कळ वेळ वाचतो.

पोकळ वस्तूच्या जाडीविषयीही अशीच सावधगिरी हवी. २ मिमी जाडीची भिंत हवी म्हणून त्याच अक्षावर २ मिमी कमी त्रिज्येचे दुसरे शिंग काढून आतून वजा करणे ही सोपी युक्ती वाटते. अशा भिंतीची जाडी छेदाच्या पातळीत २ मिमी असते, पण भिंतीला काटकोनात मोजल्यास ती कमी भरते. शिंगाच्या सौम्य उतारावर हा फरक नगण्य आहे. फाकलेल्या तोंडाशी तो नगण्य राहत नाही. समजा तेथे त्रिज्या दर मिलिमीटरला १ मिमी वाढते, त्रिज्या ४० मिमी आहे आणि अक्ष अद्याप २०० मिमी त्रिज्येने वळतच आहे. वळणाच्या आतल्या बाजूस अक्षाला समांतर असे अंतर आकसून ०.८ पट होते, म्हणून उतार वाढून १.२५ होतो. बाहेरच्या बाजूस अंतर १.२ पट होऊन उतार ०.८३ वर येतो. परिणामी खरी जाडी बाहेर सुमारे १.५४ मिमी, बाजूंना १.४१ मिमी आणि आत अवघी १.२५ मिमी उरते. आराखड्यात २ मिमी लिहिलेली वस्तू ओतल्यावर आतल्या बाजूस तडकली, तर दोष ओतकाम करणाराचा नसून या वजाबाकीचा असतो. आतले पृष्ठ बाहेरच्या पृष्ठाच्या लंबदिशेने २ मिमी आत घ्यावयास हवे होते.

नागमोडी शिंगाच्या जोडाविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. दोन पाव वर्तुळांची स्पर्शिका जोडावर एकच असते, पण वक्रता एका बाजूस जेवढी असते तेवढीच दुसऱ्या बाजूस उलट दिशेची असते. हात फिरविल्यास जोड जाणवत नाही, पण चकचकीत पृष्ठावर पडलेल्या प्रकाशाच्या रेषा तेथे मोडलेल्या दिसतात. पितळी वाद्यास याने काही बिघडत नाही. मोटारीच्या बाह्यांगास किंवा वेगवान प्रवाहात ठेवावयाच्या वस्तूस बिघडते. तेथे दोन कंसांच्या मध्ये अशी संक्रमणरेषा घालावी लागते की जिची वक्रता हळूहळू शून्यावर येऊन मग उलट दिशेने वाढते. रेल्वेमार्गाच्या वळणात हेच तत्त्व वापरतात.

७. पडताळा

काढलेला आकार अपेक्षित तोच आहे, हे पाहण्याचे एक जुने साधन हाताशी आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकातील पॅपस व सतराव्या शतकातील गुल्डिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सिद्धांताचे हे विस्तारित रूप होय : छेद अक्षाला लंब असेल, त्याचा गुरुत्वमध्य अक्षावरच असेल आणि आकार स्वतःत शिरत नसेल, तर त्याचे घनफळ अक्षाच्या वळणावर अवलंबून नसते. ते सरळ केलेल्या अक्षावरील त्याच छेदांच्या घनफळाइतकेच भरते. कारण वळणाच्या आतल्या बाजूस जेवढे द्रव्य कमी होते तेवढेच बाहेरच्या बाजूस वाढते. उदाहरणातील शिंगाचे घनफळ म्हणून साध्या छिन्नशंकूच्या सूत्राने काढता येते. ते सुमारे १,२०० घन सेंटिमीटर, म्हणजे १.२ लिटर येते. शिंग सरळ असो, अर्धचंद्राकृती असो की नागमोडी असो, आकडा तोच. सॉफ्टवेअरने दाखविलेले घनफळ याहून स्पष्टपणे कमी असेल, तर पृष्ठ कोठेतरी आवळले गेले आहे किंवा छेद लंब राहिलेले नाहीत असे समजावे.

वक्र पृष्ठाच्या क्षेत्रफळाचा पडताळा असा समतेचा नसून असमतेचा आहे. त्रिज्या बदलती असेल तर वळलेल्या शिंगाचे पृष्ठफळ सरळ शिंगापेक्षा किंचित अधिकच असते, कमी कधीच नसते. उदाहरणात सरळ शिंगाचे पृष्ठफळ सुमारे ८९० चौरस सेंटिमीटर असून वळणामुळे होणारी वाढ दहा हजारांत एका भागाहूनही कमी आहे.

परंतु घनफळ जुळले म्हणजे आकार जुळला, असेही मानू नये. चौकट मध्येच उलटली आणि अंडाकृती छेद डोक्यावर उभा राहिला, तरी गुरुत्वमध्य अक्षावर असल्यास घनफळ बदलत नाही. मोजमाप काही दोष उघड करते, काही नाही. उरलेल्यांसाठी पृष्ठावरील रेषा डोळ्यांनी तपासणे अवश्यच ठरते.

८. निष्कर्ष

वक्र व निमुळत्या आकाराच्या रचनेत कामाचा क्रम कोणता असावा हे वरील विवेचनातून आपोआप निष्पन्न होते. प्रथम अक्ष काढून त्याची वक्रता सर्वत्र पाहावी आणि छेदाच्या त्रिज्येशी तिची तुलना करावी. नंतर निमुळतेपणाचा नियम शब्दांत लिहून काढावा : काय बदलते, त्रिज्या की क्षेत्रफळ, आणि कशाच्या प्रमाणात बदलते, लांबीच्या की प्राचलाच्या. त्यानंतर चौकट निवडावी. वळणाची बाजू बदलत असेल किंवा अक्षात सरळ भाग असेल, तर न पिळणारी चौकट घ्यावी. लॉफ्ट करताना छेदांचे आरंभबिंदू एका ओळीत आणावेत. शेवटी घनफळाचा पडताळा घ्यावा आणि जाडी पृष्ठाला लंब मोजावी.

संशोधनाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट नोंदीची आहे. प्रबंधांत अशा आकाराचे चित्र देतात, टोकांची मापे देतात आणि वापरलेल्या सॉफ्टवेअरचे नाव देतात. एवढ्यावरून दुसऱ्या संशोधकास तोच आकार पुन्हा उभा करता येत नाही. नागमोडी शिंगाच्या बाबतीत दोघांनी तीच मापे घेतली तरी एकाचे शिंग अखंड येईल आणि दुसऱ्याच्या शिंगास मध्ये कंबर पडेल. त्या आकारावर पुढे प्रवाहाची वा ताणाची जी गणिते केली जातील, त्यांतील तफावत मग पदार्थविज्ञानाच्या माथी मारली जाईल, वस्तुतः ती भूमितीची असताना. म्हणून अक्षाचे समीकरण अथवा नियंत्रक बिंदू, निमुळतेपणाचा नियम आणि चौकटीची रीत या तिन्हींची नोंद मापांच्या बरोबरीने करणे, हा अशा प्रत्येक प्रबंधाचा आवश्यक भाग मानला पाहिजे. माळ्यावर पट्टी वाकविणाऱ्या कारागिराला हे तिन्ही निर्णय टाळता येत नव्हते. संगणकामुळे ते टळलेले नाहीत. केवळ न बोलता घेतले जाऊ लागले आहेत.